वर कोथिंबीर

आडगावच्या अलीकडे, हायवेवरच्या हॉटेलात
एसी इतका, की मालकांनी जॅकेटं चढवलेली.
पोरं तिथं नव्हतीच.
पोरांचे फोटो होते, पडद्यावर, एकामागून एक,
हाताची घडी घालून.

मी सातव्या टेबलाच्या टोकाला.
लॅपटॉप, चार्जर, न उघडलेली पाण्याची बाटली.
माझं काम आकडे :
कोण किती चढाया करतो, कितींतून रिकामा परततो,
कितव्या वर्षी कुणाचा भाव उतरायला लागतो.
कोपऱ्यातला गडी तिशी ओलांडतो.
चढाईवाला सव्विसाव्यातच कलतो.
त्याच्या घोट्याला दर वेळी
चार जणांचं वजन लोंबतं.

हे मीच मांडलं होतं, रंगीत आलेखासकट.
पाइपवाल्या शेठना फार पटलं.
म्हणाले, म्हणजे गेल्या वर्षीच्या पॉइंटांचे पैसे
यंदा द्यायचे नाहीत.
म्हणालो, बरोबर.
म्हणाले, आणि नवीन पोरं दर वर्षी येतातच.
म्हणालो, येतात.
गावोगाव.

मग पडद्यावर निवृत्ती बेंडकुळे. गिरणारे.
वय सत्तावीस. मूळ किंमत आठ लाख.
माईकवाला म्हणाला, अहो, नावातच निवृत्ती!
हॉल हसला.
मीही. थोडा.

आमच्या गिरणाऱ्यात टोमॅटोचा बाजार भरतो.
क्रेट उतरतात, व्यापारी वरचं एक फळ उचलतो,
अंगठ्यानं दाबतो, परत ठेवतो.
'नरम आहे' असं तो म्हणत नाही.
पुढच्या क्रेटकडे जातो, एवढंच.
त्याच रिकाम्या क्रेटांवर बसून निवृत्ती आणि मी
मॅटवरच्या त्याच्या पहिल्या सामन्यासाठी
टेम्पोची वाट पाहिली होती.
बूट माझे होते, त्याला एक नंबर मोठे.
पुढे पेपर कोंबून एकवीस पॉइंट घेऊन आला.
बूट परत दिले, पेपरासकट.

शेठनी माझ्याकडे पाहिलं.
स्क्रीनवर माझ्याच हातची ओळ :
डावा गुडघा, दोनदा उघडलेला.
मी मान हलवली नाही.
नुसता खालच्या नावावर गेलो.

पहिल्या फेरीत कुणी नाही.
दुसऱ्या फेरीत हातोडी उचलली, तशीच ठेवली.
न विकलेला परत जुन्या संघाकडे जातो, असा नियम.
संध्याकाळी अदलाबदलीत शेठनी
त्यांच्याकडचा सिन्नरचा एक कोपरा उचलला, अकरा लाखांत,
आणि समोरचे म्हणाले, घ्या हो, बेंडकुळेही न्या.
मेथीच्या जुडीवर
चार काड्या कोथिंबीर टाकतात, तसं.

रात्री तो टपरीवर आला.
त्याला सगळं कळलं होतं, 'न्या' हा शब्दसुद्धा.
आकडा तूच लावलास?
हो.
किती?
तीन.
बशीतला चहा निवेपर्यंत हिशेब करत राहिला.
मग म्हणाला, मी अडीच लावले असते.
तू गुडघा पावसाळ्यात पाहिला नाहीस.
आणि तो सिन्नरचा पोरगा चांगलाय बरं,
घोटा सोडत नाही.

चहाचे पैसे त्यानेच दिले.

सीबीएसची रिक्षा पलीकडून मिळते.
ट्रकांच्या रांगेत फट पडली
आणि तो उतरला रस्त्यात, उजवा पाय पुढे,
डावा जरा उशिरा,
हात उघडे, समोरचे किती ते मोजणारे.
मी उगाच सेकंद मोजायला लागलो. सवय.
दुभाजकाशी पोचला तेव्हा बारा झाले होते.
त्यावर हात टेकला, ओलांडला.
चढाई परत आलं तरच धरतात.
तीस झाले. पस्तीस झाले.
टपरीवाल्यानं ग्लास उचलले,
फळीवरून फडकं फिरवलं, आणि विचारलं,
अजून एक देऊ?